पाठीवरची जांभळी शाई

आश्विन लागला की आमच्या वाडीत घरं अंगणात येतात. चार महिने आत कोंडलेल्या गोधड्या, गाद्या, सोलांचे डबे, लग्नातले शालू, देवघरातल्या पोथ्या, शाळेचे दाखले, सगळं खळ्यात उन्हाला पडतं. जुलैपासून फुगून बसलेलं कपाटाचं दार पुन्हा निमूटपणे लागायला लागतं. भात पिवळं होत आलेलं असतं, खाडीवरून येणारा वारा कोरडा झालेला असतो, आणि दुपारी असं ऊन पडतं की अनवाणी पायाने खळं ओलांडता येत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर बाहेरून आलेली माणसं या दिवसांत वैतागतात, सारखी शहाळी मागतात. मी मात्र या उन्हाची वर्षभर वाट बघते. कारण याच उन्हात मी माझं वैर वाळत घालते.

वैर हा शब्द मी विचार करून लिहिला आहे. साठी उलटलेल्या बायका 'झालं गेलं, आता कशाला' असं म्हणतात, आणि तसं म्हणताना त्यांचे चेहरे फार सोज्वळ दिसतात. माझ्या चेहऱ्याला ते जमत नाही. तेहतीस वर्षं मी पोस्टाच्या काउंटरमागे बसले. कसालला, मधे फोंडाघाटला, शेवटी मालवणला. कितीतरी लोक माझ्यावर ओरडून गेले असतील, त्यातल्या एकाचाही चेहरा मला आठवत नाही. डूख धरला तो एकाच माणसावर, माझ्या चुलतभावावर. त्याला आम्ही सगळे भाई म्हणतो. भाईने काय केलं? अकरा टपाल तिकिटं पाण्यात धुतली. बस, एवढंच. ऐकणाऱ्याला हसू येतं. येऊ दे. मी पन्नास वर्षं हसलेली नाही.

तिकिटं माझ्या बाबांची होती. बाबा बोटीवर खलाशी होते. दहा-दहा महिने समुद्रात असायचे आणि घरी यायचे ते बहुतेक याच दिवसांत, पाऊस सरल्यावर. त्यांच्या ट्रंकेत बिस्किटांचे पत्र्याचे डबे, आईसाठी एखादं पातळ, माझ्यासाठी रंगीत पेन्सिली आणि तळाशी, घरच्या जाड पुठ्ठ्याच्या वहीसाठी जमवलेली तिकिटं असत. वहीत त्यांनी पट्टीने चौकोन आखलेले होते आणि प्रत्येक चौकोनाखाली बारीक अक्षरात बंदराचं नाव. घरी आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच ते खळ्यात सूप घेऊन बसत, सुपात वही उघडी ठेवत आणि माडाच्या झावळीतला एक हीर तासून त्याच्या चपट्या टोकाने एकेक तिकीट अलगद सुटं करून बघत. चिमटे वगैरे त्यांच्याकडे नव्हते. आमच्या हवेत तिकिटाचा डिंक पावसाळ्यात आपोआप ओलसर होतो आणि तिकीट कागदाला धरतं. म्हणून जूनच्या आधी ती वही फडक्यात गुंडाळून, भाजलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसकट डब्यात घालून चुलीवरच्या माळ्यावर ठेवायची आणि आश्विनात खाली काढायची, हा आमच्या घरचा नेम. बाबा बोटीवर असले की माळ्यावर चढवायचं काम माझं असे.

वहीच्या मधल्या पानावर एकाच जातीची अकरा तिकिटं होती. विलायती, फार जुनी, न वापरलेली, राणीचा एका बाजूला वळलेला चेहरा असलेली. कुठल्याशा थंड बंदरात एका म्हाताऱ्या दुकानदाराचं सामान बाबांनी चार जिने चढवून दिलं होतं, त्याने खुशीने हे पाकीट दिलं. तोंडाकडून बघावं तर अकराही सारखी. मला त्यांचं काहीच अप्रूप नव्हतं. पोपटाची, जिराफाची तिकिटं सोडून ही काळपट राणी कोण बघणार?

एका दुपारी बाबांनी त्यातलं एक हिरावर उचललं आणि उलटं केलं.

"चेडवा, हयसर बघ."

मागे पिवळट डिंकावर जांभळ्या शाईत इंग्रजी अक्षरं होती. कमानीसारखी वाकवून छापलेली. एका साबणाचं नाव.

"ह्या कित्याक लिवला मागे?" मी विचारलं.

"दुकानदाराची जाहिरात. राणयेच्या पाठीर छापल्यान." बाबा हसले. "तोंड सगळेच बघतत गो. तू पाठ बघूक शिक."

मग त्यांनी अकराही तिकिटं मला एकेक करून उलटी दाखवली. सात साबणाची, तीन कसल्याशा गोळ्यांची, एक कोकोचं. ऊन तिरपं धरलं की शाई डिंकाच्या वर उठून दिसायची. मी बोट लावायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. "घामान पुसतली," म्हणाले.

बाबा त्याच वर्षी फाल्गुनात गेले. आजारी होऊन बोटीवरून परत आले होते, कसलं दुखणं ते मला त्या वयात कुणी सांगितलं नाही. मी अकरा वर्षांची होते. त्या जूनमध्ये वही माळ्यावर चढवायचं माझ्या लक्षात होतं, पण मी ती चढवली नाही. मला ती सोडवत नव्हती. सबंध पावसाळा मी ती उशाखाली घेऊन झोपले. वर कौलं गळायची, भिंतीतून पाणी झिरपायचं, आणि मी रात्री हाताने चाचपून वही आहे ना हे बघायचे. आश्विनात उघडली तेव्हा मधलं पान एका सलग कातडीसारखं झालेलं होतं. अकराच्या अकरा तिकिटं कागदाला घट्ट धरली होती. हीर घालून बघितला तर कागदच फाटायला लागला. मी रडत रडत वही बंद केली आणि आईलाही सांगितलं नाही.

नवरात्राला मुंबईहून मोठे काका-काकी आले, सोबत भाई. बावीस-तेवीस वर्षांचा, गोरा, बोलण्यात शुद्ध, खिशात घडी केलेला रुमाल. आमच्याशी तो मालवणी बोलत नसे, बोललं की उत्तर प्रमाण मराठीत द्यायचा. त्याचा तिकिटांचा संग्रह होता, मुंबईत कुठल्याशा मंडळात तो जायचा, त्याच्याकडे चिमटा होता, भिंग होतं. माझ्या दृष्टीने तो देवाने धाडलेला माणूस होता. मी वही त्याच्यापुढे नेली आणि मधलं पान उघडलं.

त्याने भिंगातून पाहिलं. "चिकटलीत," म्हणाला. "काही कठीण नाही. भिजवायची. आम्ही सगळी तिकिटं भिजवूनच काढतो. एका पसरट भांड्यात पाणी आण."

"भाई, मागे लिवलेला आसा," मी म्हटलं.

"काय?"

"मागे जाहिरात आसा. साबणाची. बाबांनी माका दाखवलेली."

तो हसला. काका हसले. काकीही हसल्या, त्यांना काही कळलं नव्हतं तरी. "अगं, तिकिटाला तोंड असतं, पाठ नसते," भाई म्हणाला. "आमच्या मंडळात मागचं कोणी बघत नाही. मागे असतो तो डिंक. आण पाणी."

आणि मी पाणी आणलं.

हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ मीच घासलं, मीच विहिरीचं पाणी ओतलं, मीच दोन्ही हातांनी धरून, एक थेंब न सांडता ते पडवीत आणून ठेवलं. भाईने वहीचं पान कापून त्यात बुडवलं. थोड्या वेळाने तिकिटं सुटी होऊन वर तरंगायला लागली. त्याने चिमट्याने एकेक उचललं, उलटं केलं आणि बोटाच्या टोकाने डिंक चोळून काढला. पाठ स्वच्छ, कोरी पांढरी. पाणी मात्र फिकट जांभळं झालं होतं.

"बघितलंत?" तो मोठ्या काकांना म्हणाला. "कसली स्वस्तातली वही घेतली होती अनंतकाकांनी. रंग सोडतेय."

आईने ते पाणी अबोलीच्या बुंध्याशी ओतलं. भाईने तिकिटं वर्तमानपत्रात वाळवली आणि पाकिटात घातली. "हिच्याकडे राहिली तर पुन्हा खराब होतील, मी सांभाळतो," असं आईला सांगून मुंबईला नेली. आई काय बोलणार? नवरा जाऊन सात महिने झालेली बाई, मोठ्या दिराच्या मुलापुढे. वहीत मागे राहिले अकरा रिकामे चौकोन. खरं तर तेही नाहीत, ते पान कापलेलं. मी नंतर त्या जागी दुसरा कागद शिवला आणि बाबांसारखे चौकोन आखायचा प्रयत्न केला. वाकडे आले.

लोकांना वाटतं सूड म्हणजे आरडाओरडा. माझा सूड अभ्यासू निघाला. पोस्टात लागले तेव्हा काउंटरवर नवीन तिकिटं घ्यायला दोन-चार छांदिष्ट यायचे. त्यांच्याकडून पुस्तकं मागून आणली. फोंडाघाटला असताना सुट्टीच्या दिवशी घाट चढून कोल्हापुरात एका जुन्या तिकिटांच्या व्यापाऱ्याकडे जाऊन बसायचे. त्याला वाटायचं बाईला छंद आहे. तिथे मला कळलं की विलायतेत मोठाल्या पेढ्या पूर्वी तिकिटांच्या पाठीवर आपलं नाव छापून घेत, नोकरांनी ती चोरून बाहेर विकू नयेत म्हणून. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पाठ मोकळीच आहे तर तिथे साबण का विकू नये. दुसऱ्या एका देशातही हा उद्योग करून झाला, लोकांनी बोंब मारली की जिभेने चाटायच्या बाजूला शाई कसली फासता. थोड्याच दिवसांत बंद पडलं. म्हणूनच ती तिकिटं दुर्मिळ. चोरांपासून वाचावं म्हणून जी पाठ छापायला सुरुवात झाली, तीच आमच्या घरच्या चोराने धुतली, हे मला व्यापाऱ्याच्या दुकानात बसल्या बसल्या कळलं. मी चहाचा कप खाली ठेवला आणि बाहेर येऊन रस्त्यावर उभी राहिले.

ओळख पटवायची ती अशी. राणीकडे बघूच नये, तिकीट थेट उलटं करावं. ऊन तिरपं घ्यावं. जाहिरात डिंकाच्या खाली आहे की वर, हे आधी ठरवावं. खाली असेल तर अक्षरांवर डिंकाची सायीसारखी चमक दिसते, आणि तिकीट भिजलं तरी शाई कागदावर टिकते. वर असेल तर अक्षरं कोरडी, खडूसारखी दिसतात, आणि पाणी लागलं की डिंकासोबत तीही जातात. ही दुसरी जात फार थोडी उरली आहे, कारण तिकीट हाती आलं की भिजवायचं ही संग्राहकांची पिढीजात खोड. हल्ली नकलाही होतात. जुन्या तिकिटावर कोणी नवी जाहिरात छापली तर शाई डिंकाच्या तड्यांत उतरते. अस्सल तिकिटावर तडा नंतर गेलेला असतो, म्हणून तो अक्षराला मधोमध तोडून जातो. किंमत ठरवताना डिंक पूर्ण आहे का, अक्षर वाचता येतं का, मागे कुणी वहीत लावायची कागदाची बिजागरी चिकटवून नाव झाकलेलं नाही ना, हे बघायचं. पुढून सारखी दिसणारी दोन तिकिटं, एकाची पाठ कोरी, एकाची छापलेली, आणि त्यांच्या मोलात जमीन-अस्मानाचा फरक. हे सगळं मला तोंडपाठ आहे. झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन.

मधल्या काळात दर नवरात्रात मी धामापूरला भगवतीकडे जात होते. तलावाच्या काठावर ते देऊळ, पाण्यात झाडांची सावली, आणि गाभाऱ्याशी गुरव सगळ्यांसाठी गाऱ्हाणं घालतोय, लोक मागून 'व्हय म्हाराजा' म्हणताहेत. कुणाला नोकरी, कुणाला मूल, कुणाचं दुखणं बरं होवंदे. मी खांबाशी उभी राहून माझं वेगळं गाऱ्हाणं पुटपुटायचे. भाईचं वाईट मागितलं नाही मी, खोटं कशाला सांगू. त्याची भरभराट व्हावी, त्याला मोठं आयुष्य मिळावं, त्याची नजर शाबूत राहावी, असंच मागितलं. आणि शेवटी एकच ओळ. तेका एक दिवस कळांदे. मागून लोक दुसऱ्याच कुणाच्या गाऱ्हाण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचे, तो होकार मी माझ्यासाठी धरायचे.

आई गेल्यावर तिची पत्र्याची पेटी आवरताना तळाला एक सुपारीचा डबा मिळाला. त्यात बाबांचं एक जुनं पाकीट, त्यात तीन तिकिटं. तोच राणीचा वळलेला चेहरा. मी डबा खळ्यात नेला, माडाचा हीर तासला आणि पहिलं तिकीट उलटं केलं. जांभळी कमान. साबण. तडा बरोबर मधल्या अक्षरातून गेलेला. आईच्या पेटीत कोरडी राहिली होती बिचारी. मी तिथेच खाली बसले आणि बाबांना हाक मारून रडले. अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांवरून शेजारची जयू धावत आली, तिला वाटलं मला काही चावलं.

गेल्या पावसाळ्यात मी गळ टाकला. तिकिटवाल्यांचा मोबाइलवर एक गट आहे, भाई त्यात सगळ्यात ज्येष्ठ. आता तो बहात्तरचा, मंडळाचा माजी अध्यक्ष, प्रदर्शनांत पदकं मिळवलेला, नवीन पोरं त्याला 'सर' म्हणतात. तिकिटांच्या पाठीवरच्या जाहिरातींवरच तो अलीकडे एक मोठं प्रदर्शन मांडत होता, नशिबाचा खेळ बघा. डिंकावर छापलेलं साबणाचं तिकीट तेवढं त्याला मिळत नव्हतं. गटात दोन-तीनदा विचारून झालं होतं. मी नाव न लिहिता एका तिकिटाच्या पाठीचा फोटो टाकला. दहा मिनिटांत फोन.

"नमस्कार, आपण कोण बोलताय?"

"भाई, मी शालू. अनंतकाकांची."

त्याने माझं नाव दोनदा उच्चारून बघितलं. मग म्हणाला, "अगं तू! तुझ्याकडे हे कुठून आलं? मी येतो. कधी येऊ?"

"आश्विनात ये. तेव्हा हवा कोरडी असता." मी त्याला काही कबूल केलं नाही. बघायला ये, एवढंच म्हटलं. "आणि भाई, बाबांच्या वहीतली ती अकरा तिकिटं आसत ना तुझ्याकडे? ती घेऊन ये. वही रिकामी दिसता."

"ती? ती साधी आहेत गं. कोणाहीकडे असतात. आणतो, तुझी तुला देतो." त्याचा आवाज अगदी दिलदार झाला होता.

तो आला तो असल्याच एका दुपारी. कुडाळला गाडीतून उतरून रिक्षाने. पाठीत वाकलेला, हातात चामड्याची पिशवी, डोळ्यांवर जाड चष्मा, पण नजर ठीक होती. भगवतीने तेवढं ऐकलं होतं. मी खळ्यात मांडवाखाली टेबल मांडलं होतं, अर्धं सावलीत, अर्धं उन्हात. सोलकढी दिली, खुशाली विचारली. त्याने बसल्याबरोबर पिशवीतून पारदर्शक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. "ही घे. माझ्या संग्रहाच्या पहिल्या पानावर असायची. माझी सुरुवात. सगळ्यांना सांगायचो, गावच्या काकांकडची." एकेक तिकीट मी चिमट्याने बाबांच्या वहीतल्या वाकड्या चौकोनात ठेवलं. अकरा. चेहरे वर. पन्नास वर्षांनी घरी आली होती. मी तोंड हसरं ठेवलं.

मग मी सुपारीचा डबा उघडला.

त्याने तिकीट भिंगाखाली धरलं. तिरपं केलं, पुन्हा तिरपं केलं. "डिंकावर," तो हळू म्हणाला. "डिंकावर आहे, शालू. तडा बघ. अस्सल." मग माझ्याकडे वळून मला शिकवू लागला, जसं तेव्हा शिकवलं होतं तसं. डिंकाखालची कशी, डिंकावरची कशी, पाणी लागलं की काय होतं. मी मान डोलावत ऐकलं. मला सगळं माहीत होतं, पण मला ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. "जगात मोजकी राहिली आहेत," तो म्हणाला. "अडाणी लोकांनी भिजवून भिजवून नासवली. मागे उलटून बघायची साधी अक्कल नाही. असल्यांच्या हातात तिकिटं पडायलाच नकोत."

मी थांबले. ऊन टेबलाच्या मधोमध आलं होतं. मी चिमटा घेतला, बाबांच्या वहीतलं पहिलं तिकीट उचललं आणि उलटं करून त्याच्यासमोर ठेवलं. मग दुसरं. मग तिसरं.

"ही कोरी आहेत गं," तो म्हणाला. "मीच साफ केलेली."

"होय. भिंग घे."

सातव्या तिकिटावर त्याचं भिंग थांबलं. धुताना भिजलेली शाई डिंकाच्या तड्यांतून कागदात उतरली होती. कोऱ्या पाठीवर अगदी फिकट, केसाएवढ्या जांभळ्या रेषा, आणि त्या रेषांमधून कमानीचं एक टोक. पहिल्या अक्षराचा बाक. मी सुपारीच्या डब्यातलं तिकीट उचलून त्याच्या शेजारी ठेवलं. तोच बाक, त्याच जागी. सांगायची गरज राहिली नाही. आठवं, नववं, दहावं त्याने स्वतःच उलटं केलं, ओठ हलवत. अकरावं हातात घेऊन तो बसून राहिला. कावळा ओरडत होता. जयूच्या खळ्यात कुणीतरी काथ्याची चटई झाडत होतं.

"पाणी जांभळा झालेला," भाई म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्याशी मालवणीत बोलला. "माका वाटला वहीचो रंग."

"स्वस्तातली वही," मी म्हटलं.

त्याने चष्मा काढला. "तू माका सांगलेलंस."

"होय."

"मागे लिवलेला आसा म्हणान सांगलेलंस तू. बारक्या चेडवान सांगल्यान आणि मी हसलंय."

"होय, भाई."

मला काय वाटलं ते लिहिते. मला आनंद झाला. स्वच्छ, पोटभर आनंद, चतुर्थीला मूर्ती घरात येते तेव्हा होतो तेवढा. पन्नास वर्षांचं एक गाऱ्हाणं देवीने अक्षरन् अक्षर मान्य केलं होतं. तिकीट मला देशील का, हे विचारायला तो मुंबईहून आला होता आणि ते विचारायचा धीर त्याच्यात उरला नव्हता. त्याच्या प्रदर्शनातली ती चौकट रिकामीच राहणार, आणि दरवेळी तिच्यासमोर उभा राहून त्याला ती का रिकामी आहे हे आठवणार. मी तिन्ही तिकिटं डब्यात घालून झाकण लावलं.

तो अजून त्या दिवसातच होता. कपाळावर हात ठेवून आठवत होता. "पडवीत बसलेलंय मी. माझे बाबा थंयसर. घंगाळात पाणी होता..." तो अडखळला. "ता पाणी कोणी हाडलेला गो, शालू?"

तो मला दोष द्यायला विचारत नव्हता. पाणी कोणी आणलं हे त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. एक शब्द बोलले असते तर आम्ही दोघं एकाच बाकावर बसलो असतो, दोन म्हातारी भावंडं, एकाच घंगाळात हात घातलेली. त्याला थोडं हलकं वाटलं असतं. कदाचित मलाही.

"माका आठवणा नाय," मी म्हटलं.

"मीच हाडलंय असतलंय," भाई म्हणाला. "सगळा मीच केलंय." त्याने ओठांवरून जीभ फिरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "वायच पाणी देतंस?"

मी उठले, आणि भाईसाठी पाणी आणायला आत गेले.